वाढत्या मेंदूतला एमएस : मुलांचा एमआरआय अभ्यास नेमका कसा करावा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन हे आवरण खराब करणारा, एरवी विशी ते चाळिशीत गाठणारा आजार. पण शंभरातल्या ३ ते १० रुग्णांत तो अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच सुरू होतो. मोठ्यांच्या तुलनेत मुलांना दोन-तीन पट जास्त झटके येतात. सुरुवातीच्या स्कॅनवरच डाग, म्हणजे इजेच्या खुणा, जास्त असतात आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), सेरेबेलम (लहान मेंदू) या भागांतही ते बरेच दिसतात. मुलं झटक्यातून सावरतात मात्र पटकन. महिन्याभरात मूल पुन्हा सायकल चालवू लागतं आणि घरच्यांना वाटतं, संकट टळलं. आतलं नुकसान मात्र साठत राहतं, आणि ते मोजायचं खात्रीचं साधन म्हणजे नीट आखून केलेला एमआरआय.

गोव्यात हा अभ्यास करायचा तर एक गोष्ट आधीच पक्की करावी लागते. २०११च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळांतून किंवा खासगी डॉक्टरांकडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवली जाणारी अशी मुलं थोडीच असणार. शेकडो मुलांची सरासरी काढणं इथे जमणारं नाही. जमण्यासारखं आणि खरोखर मोलाचं काम म्हणजे तेच मूल, तेच यंत्र, तोच प्रोटोकॉल, वर्षानुवर्षं. शिवाय ती माहिती अशा शिस्तीत ठेवायची, की पुढे देशातल्या दुसऱ्या केंद्रांच्या माहितीत ती सहज मिसळता येईल. पुढचं सगळं या एका हिशेबानेच लिहिलं आहे.

प्रश्न आधी, सिक्वेन्स नंतर

यंत्रात जेवढे सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमा घेण्याचे प्रकार, आहेत तेवढे सगळे लावण्याचा मोह आवरा. मूल ४० ते ४५ मिनिटं आत राहतं. त्यानंतर हलतं आणि शेवटचे दोन सिक्वेन्स वाया जातात. म्हणून आधी ठरवा, शोधायचं काय आहे. हा एमएसच आहे की दुसरं काही, हा प्रश्न असेल तर शिरा आणि लोह दाखवणारी प्रतिमा हवी. साध्या स्कॅनवर निरोगी दिसणाऱ्या भागात मायलिनला इजा झाली आहे का, हे पाहायचं तर डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल मोजणारी प्रतिमा) आणि मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर (मायलिनचा अंदाज देणारी प्रतिमा). मेंदूची वाढ खुंटली आहे का, हे विचारायचं तर उत्तम थ्रीडी टी१ (मेंदूची रचना दाखवणारी प्रतिमा), आणि त्यात जराही तडजोड नको.

फंक्शनल एमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतली रसायनं मोजणारी) यांचा मोह बऱ्याच जणांना होतो. छोट्या केंद्राने त्या वाटेला न जाणं बरं. फंक्शनल एमआरआयमध्ये सरासरी ०.२ मिमी हालचालही आकडे बिघडवते, आणि स्पेक्ट्रोस्कोपीत वेळेगणिक मोजायच्या भागाचा तोच चौकोन त्याच जागी बसवणं कठीण. तो वेळ डिफ्यूजनला द्या.

परवानग्या आणि कागद

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मुलांवरील संशोधनासाठीची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. आई-वडिलांची लेखी संमती लागतेच. शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयात लेखी होकार घ्यायचा असतो. गोव्यात संमतीपत्र फक्त इंग्रजीत देऊन भागत नाही. मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी आणि हिंदी अशा चारही प्रती तयार हव्यात. पेडणे-डिचोलीतली आजी मराठी वर्तमानपत्र वाचते, तर सासष्टीतली आजी रोमी लिपीतलं कोंकणी. निर्णयात आजीचा शब्द चालतो, तेव्हा कागद तिलाही वाचता आला पाहिजे.

दोन गोष्टी एथिक्स कमिटीपुढे स्वतःहून मांडा. केवळ संशोधनासाठी भूल द्यायची नाही. आणि केवळ संशोधनासाठी गॅडोलिनियम, म्हणजे ताजे डाग उजळवणारं औषध, टोचायचं नाही. उपचारासाठी ते लागणारच असेल, तेव्हाचीच प्रतिमा अभ्यासात घ्यायची.

स्कॅन कधी करायचा

इथे सर्वात जास्त चुका होतात आणि त्या नंतर दुरुस्त करता येत नाहीत. झटक्यात मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे डोस दिले की मेंदूतली सूज उतरते आणि आकारमान घटल्यासारखं दिसतं. ते खरं आकुंचन नसतं. आकारमान मोजायचा स्कॅन स्टिरॉइड संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी घ्या. नवं औषध सुरू केलं असेल तर ३ ते ६ महिन्यांनी नवा बेसलाइन स्कॅन घ्यावा आणि पुढची तुलना त्याच्याशी करावी. औषधाचा परिणाम सुरू होण्याआधी उमटलेले डाग नाहीतर औषधाच्या अपयशात मोजले जातात. पुढे वर्षातून एकदा. आजार जोरात असेल तर दर ६ महिन्यांनी.

शरीरात पाणी कमी असेल तरी मेंदूचं आकारमान किंचित घटतं, आणि दिवसाच्या वेळेनुसारही ते बदलतं. एप्रिल-मे महिन्यात काणकोणहून बसने दोन-अडीच तास घामाघूम होत आलेलं मूल थेट टेबलावर घेऊ नका. पाणी द्या, थंड खोलीत अर्धा तास बसवा. याला दुसरंही कारण आहे. एमएसमध्ये अंगाची उष्णता वाढली की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. नजर धूसर होते, हात मंदावतो. तशा अवस्थेत बुद्धिचाचणी घेतली तर आकडा खोटा येतो. प्रत्येक मुलाचा स्कॅन दर वेळी साधारण त्याच तासाला ठेवा. दहावी-बारावीच्या परीक्षा, चवथ, शिगमो, नाताळ यांच्या आसपासच्या तारखा देऊ नका; घरचे हो म्हणतात आणि येत नाहीत, मग सहा महिन्यांचं अंतर नऊ महिन्यांवर जातं.

मुलाची तयारी

एमएस असलेली बहुतेक मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतात, त्यामुळे भुलीची गरज क्वचितच पडते. गरज पडते ती अर्ध्या तासाच्या तयारीची. यंत्राचे आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आधीच घरी ऐकायला द्या. डिफ्यूजनच्या वेळी टेबल थरथरतं, हे खास सांगा. न सांगितलेल्या मुलाला नेमकं तिथेच दचकायला होतं आणि त्याच सिक्वेन्सला हालचाल सर्वात महाग पडते.

धातूची तपासणी दोनदा करा, एकदा पालकांसमोर आणि एकदा कपडे बदलल्यावर. कानातल्या कुड्या, चमकी, केसांतले चाप, कमरेचा किंवा दंडाचा काळा दोरा आणि त्यातला ताईत, स्पोर्ट्स कपड्यांतले चंदेरी धागे, ब्रामधली तार. दोरा काढायला घरचे तयार नसतील तर घाई न करता समजावून सांगा, आणि काढलेला दोरा त्यांच्याच हाती द्या.

दातांच्या तारा हा या वयातला सर्वात मोठा शत्रू. स्टीलच्या ब्रेसेसमुळे कपाळामागचा भाग डिफ्यूजन आणि शिरांच्या प्रतिमेत काळा पडतो किंवा ताणला जातो, आणि ३ टेस्लावर हे १.५ टेस्लापेक्षा जास्त होतं. तारा बसवायच्या आधी बेसलाइन उरकता येतो का, हे डेंटिस्टशी बोलून ठरवा. बसवल्या असतील तर स्कॅनच्या दिवशी आडवी तार काढून ठेवल्याने बराच फरक पडतो. तेही शक्य नसेल तर फ्रॉन्टल भागाचे आकडे त्या मुलासाठी सगळ्याच वेळांचे बाद करा. एका वर्षी घेतले आणि पुढच्या वर्षी सोडले असं चालत नाही.

टेबलावर झोपवताना इअरप्लग आणि वरून हेडफोन, दोन्ही. कान आणि कॉइल (डोक्याभोवतीचा पिंजरा) यांच्यामधल्या पोकळीत दोन्ही बाजूंनी स्पंज दाबून बसवा, गुडघ्याखाली उशी द्या, हातात घंटीचा फुगा द्या. अंबाडा किंवा उंच पोनीटेल सोडायला सांगा. डोकं कॉइलमध्ये पुढे ढकललं जातं आणि मान अवघडली की दहाव्या मिनिटाला चुळबूळ सुरू होते. प्रत्येक सिक्वेन्सआधी इंटरकॉमवर सांगा, आता पाच मिनिटं, मग गिळायला वेळ. पालक खोलीत थांबणार असतील तर त्यांचीही धातूची तपासणी तशीच.

सिक्वेन्स, याच क्रमाने

सर्वात महत्त्वाचं आधी, कारण मूल ताजं असतं. पहिला थ्रीडी टी१, १ मिमी समघन व्हॉक्सेल (प्रतिमेचा सर्वात लहान ठोकळा), सुमारे ५ मिनिटं. लगेच थ्रीडी फ्लेअर (डाग पांढरे दाखवणारी प्रतिमा), तोही १ मिमी, सॅजिटल (बाजूने पाहिलेला उभा छेद), फॅट सॅचुरेशनसह (चरबीचा उजाळा दाबून). दोन्ही झाल्यावर कन्सोलवरच थांबून पाहा. कवटीच्या कडेने लाटांसारख्या समांतर रेषा दिसल्या तर मूल हललं आहे. तिथल्या तिथे पुन्हा घ्या. पुढे सॉफ्टवेअर सावरून घेईल, असं म्हणू नका. हललेल्या टी१वर कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) पातळ मोजला जातो आणि तो आकडा आजाराचा वाटतो.

तिसरा डिफ्यूजन. २ मिमी समघन, बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनची तीव्रता) १०००, किमान ३० दिशा. वेळ असेल तर २०००चा दुसरा थर. मधूनमधून बी शून्यच्या चार-पाच प्रतिमा, आणि फेज-एन्कोडिंगची दिशा उलटी करून बी शून्यची एक प्रतिमा. ही शेवटची प्रतिमा अर्ध्या मिनिटात होते, आणि हमखास तीच विसरली जाते. ती नसेल तर ब्रेनस्टेम आणि डोळ्यांमागच्या भागातला ताण सरळ करता येत नाही.

चौथी शिरांची प्रतिमा. ३ टेस्लावर टी२-स्टार थ्रीडी ईपीआय ०.६५ मिमी समघन घेता आला तर उत्तम. नाहीतर यंत्रातला नेहमीचा एसडब्ल्यूआय (शिरा आणि लोह दाखवणारा सिक्वेन्स) चालेल, पण व्हॉक्सेल शक्य तितका लहान ठेवा. मॅग्निट्यूड आणि फेज (सिग्नलची ताकद आणि त्याची अवस्था) दोन्ही जतन होतात की नाही, हे पहिल्याच मुलाच्या वेळी तपासा. अनेक यंत्रं फक्त तयार, प्रक्रिया झालेलं चित्र पाठवतात आणि कच्चा फेज पुसून टाकतात. एकदा गेला की गेला.

मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर हवं असेल तर एकच ग्रेडियंट-एको दोनदा घ्या, पल्ससह आणि पल्सशिवाय. मधे काहीही बदलायचं नाही, मूलही हलवायचं नाही. मज्जारज्जू पाहायचा तर सॅजिटल टी२ आणि स्टर (चरबी दाबणारा सिक्वेन्स), ३ मिमी किंवा त्याहून बारीक.

गॅडोलिनियम द्यायचंच असेल तर मॅक्रोसायक्लिक प्रकारचं (गॅडोलिनियम रेणूच्या वलयात घट्ट धरणारं), किलोला ०.१ मिलिमोल. इथे एक धोकादायक गोंधळ होतो. बाजारातली बहुतेक औषधं मिलिलिटरला ०.५ मिलिमोल असतात, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ८ मिली. गॅडोब्युट्रॉल मात्र मिलिलिटरला १ मिलिमोल असतं, म्हणजे त्याच मुलाला ४ मिली. बाटली बदलली की आकडा बदलतो. चिठ्ठीवर मिलिमोल आणि मिली दोन्ही लिहा. किडनीसाठी श्वार्ट्झचं सूत्र वापरा : ०.४१३ गुणिले सेंटीमीटरमधली उंची, भागिले रक्तातलं क्रिएटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). टोचल्यावर किमान ५ मिनिटं थांबल्याशिवाय टी१ घेऊ नका. त्या वेळात अॅक्सियल (आडव्या छेदाचा) टी२ उरकतो.

डाग वाचताना

३ मिमीपेक्षा लहान ठिपके मोजू नका. प्रत्येक डागाची जागा लिहा : व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीला) चिकटलेला, कॉर्टेक्सला भिडलेला, इन्फ्राटेन्टोरियल (ब्रेनस्टेम-सेरेबेलममधला), मज्जारज्जू. एमएसच्या निदानाच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४च्या सुधारणेत ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) ही पाचवी जागा मानली गेली, आणि डागामधली शीर व लोहाची कडा यांनाही निदानात स्थान मिळालं.

शीर पाहायची पद्धत अशी. फ्लेअर आणि टी२-स्टार एकमेकांवर तंतोतंत बसवा आणि डागावर झूम करा. डागाच्या मधोमध एक बारीक काळी रेघ दिसली पाहिजे. तीच रेघ काटकोनातल्या दुसऱ्या प्रतलात एकतर रेघ म्हणून, नाहीतर ठिपका म्हणून दिसली पाहिजे. कडेने जाणारी शीर धरायची नाही. एकाच डागात दोन-तीन शिरा असतील किंवा दोन डाग एकमेकांत मिसळले असतील तर तो डाग मोजणीतूनच काढा. सहा किंवा अधिक डागांत अशी शीर मिळाली तर पारडं एमएसकडे झुकतं. एकूण डाग दहापेक्षा कमी असतील तर शीर असलेले जास्त की नसलेले, हे पाहतात. दोन वाचकांनी एकमेकांना न विचारता वाचावं, आणि मतभेद असेल तो डाग तिसऱ्याने पाहावा.

लोहाची कडा फेज प्रतिमेवर शोधा. डागाच्या परिघाचा निदान दोन-तृतीयांश भाग ती सलग व्यापते का, आणि लागोपाठच्या दोन स्लाइसमध्ये दिसते का? तो डाग गॅडोलिनियमने उजळत असेल तर ही कडा धरू नका. एका कंपनीच्या यंत्रावर जी कडा काळी दिसते, ती दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर पांढरी दिसू शकते, कारण फेजचं चिन्ह उलट असतं. ओळखीच्या शिरेचा रंग पाहून आधी खात्री करा.

बारा वर्षांखालच्या मुलात विशेष सावध राहा. या वयात एमओजी (मायलिनवरचं एक प्रथिन) अँटिबॉडीचा आजार एमएससारखा दिसतो, म्हणून एमओजीची रक्तचाचणी केल्याशिवाय मूल अभ्यासात घेऊ नका. त्या आजारातले डाग मोठे, कापसासारखे पसरट, कडा पुसट. कधी थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या मध्यावरचं केंद्र), कधी सेरेबेलमच्या देठात, आणि काही महिन्यांनी पाहावं तर गायब. एमएसचा डाग सहसा खूण मागे ठेवतो. टी१वर काळी पडलेली भोकं, व्हेंट्रिकलला लागून दोन किंवा अधिक डाग आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या धूसर डागांचा अभाव, या तिन्हींपैकी दोन खुणा असल्या तर एडीईएमपेक्षा (बहुधा एकदाच येणारा मेंदूदाह) एमएस संभवनीय. आपल्याकडे टीबी, न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूतल्या कृमींच्या गाठी), बी-१२ची कमतरता आणि ल्युकोडिस्ट्रॉफी (मायलिनचे आनुवंशिक आजार) यांचाही विचार झालाच पाहिजे.

आकारमान : खरी कसोटी

मोठ्यांत मेंदू किती आकसला, एवढंच विचारतात. मुलात तो प्रश्न अपुरा आहे. अकरा वर्षांच्या मुलीचं व्हाइट मॅटर (मेंदूतला तंतूंचा पांढरा भाग) पुढच्या वर्षी वाढायला हवं. दोन स्कॅनमध्ये आकडा जसाच्या तसा आला तर तो दिलासा नाही, ते नुकसान आहे. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर रेघ आडवी गेली की ताई जशी सावध होते, तसंच इथे व्हायचं. म्हणून नुसता घनसेंटीमीटरचा आकडा लिहू नका. वय आणि लिंग पाहून अपेक्षित आकारमानापासून मूल किती दूर आहे, तो झेड-स्कोअर लिहा. २०२२ साली एक लाखाहून अधिक स्कॅनवरून तयार झालेले ब्रेनचार्ट वाढीचे आलेख यासाठी वापरता येतात. पण त्यांत भारतीय मुलांचा वाटा कमी आहे. स्वतःच्याच यंत्रावर त्याच वयाची, शक्य तर त्याच शाळांतली निरोगी मुलं स्कॅन करणं याला पर्याय नाही. भावंडं सोयीची पडतात, पण एकट्या भावंडांवर विसंबू नका. त्यांचा मेंदू आणि घर दोन्ही रुग्णाशी मिळतंजुळतं असतं.

मोजणीचा क्रम : यंत्रातून येणाऱ्या डायकॉम फाइल्स संशोधनाच्या निफ्टी स्वरूपात बदला, नाव आणि चेहरा काढून टाका, बिड्स या ठरलेल्या पद्धतीने फोल्डर लावा. मग फ्लेअरवर डाग आखा, स्वयंचलित पद्धतीने आखले तरी प्रत्येक स्लाइस डोळ्यांनी तपासून. त्यानंतर टी१वर डाग शेजारच्या व्हाइट मॅटरच्या छटेने भरा, आणि मगच फ्रीसर्फर हे आकारमान मोजणारं सॉफ्टवेअर चालवा. भरायचं विसरलं तर सॉफ्टवेअर काळ्या डागाला ग्रे मॅटर समजतं, आणि जास्त डाग असलेल्या मुलाचं ग्रे मॅटर कागदावर वाढलेलं दिसतं. सॉफ्टवेअरची आवृत्ती अभ्यास संपेपर्यंत बदलू नका. प्रौढांचा टेम्प्लेटही (तुलनेचा नमुना मेंदू) टाळा, साडेचार ते साडेअठरा वयाचे बालटेम्प्लेट उपलब्ध आहेत. थॅलॅमस वेगळा मोजा; मुलांच्या एमएसमध्ये तो लवकर लहान राहतो आणि त्याचं नातं थेट विचारांच्या वेगाशी लागतं.

डिफ्यूजनचा एफए आकडाही (तंतूंची एकाच दिशेची मांडणी सांगणारा) वयाबरोबर वाढतो. वय धरल्याशिवाय दोन मुलांची तुलना करू नका.

बुद्धिचाचणी

साधारण एक-तृतीयांश मुलांत विचारांचा वेग किंवा स्मरणशक्ती कमी पडते. ९० सेकंदांची सिम्बॉल-डिजिट चाचणी (चिन्हं पाहून त्यांचे आकडे सांगायची) स्कॅनच्याच दिवशी, स्कॅनच्या आधी घ्या. ही चाचणी तोंडी घेताना गोव्यात एक अडचण येते. बरीच मुलं प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. मूल मनात ज्या भाषेत मोजतं, त्याच भाषेत त्याला आकडे बोलू द्या, ती भाषा फॉर्मवर लिहा आणि पुढच्या वर्षी तीच ठेवा. दर वेळी वेगळी प्रत वापरा, नाहीतर सरावाने गुण वाढतात आणि औषध लागू पडल्याचा भास होतो.

यंत्राची राखण

दर आठवड्याला फॅन्टम (यंत्र तपासायची ठरलेली वस्तू) स्कॅन करा आणि त्याचा आलेख भिंतीवर लावा. पावसाळ्यात आर्द्रता आणि वीज जाण्याचं प्रमाण दोन्ही वाढतं. यंत्राच्या खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, चिलरला (यंत्र थंड ठेवणारी यंत्रणा) जनरेटरची जोड आहे का ते जूनआधी पाहा. वीज गेल्यानंतरच्या पहिल्या दिवशी अभ्यासाचं मूल घेऊ नका, आधी फॅन्टम. सॉफ्टवेअर अपग्रेड किंवा नवी कॉइल येणार असेल तर चार-पाच निरोगी प्रौढांना आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्कॅन करून ठेवा. हे झालं नाही तर अपग्रेडच्या तारखेला सगळ्याच मुलांचा मेंदू एकाच दिवशी बदललेला दिसतो, आणि तो फरक आकडेशास्त्राने पूर्ण पुसता येत नाही.

प्रत्येक स्कॅन ४८ तासांत रेडिओलॉजिस्टने वाचावा, अभ्यासाचा असला तरी. अनपेक्षित काही दिसलं तर कुटुंबाला कोण, कधी आणि कोणत्या भाषेत सांगणार, हे आधीच लिहून ठेवा. झेड-स्कोअर किंवा थॅलॅमसचा आकडा घरच्यांच्या हाती देऊ नका. मुलाच्या न्यूरोलॉजिस्टला द्या, तोही मागच्या वर्षीच्या आकड्यासह. एकट्या आकड्यावरून कुणाचं औषध बदलू नये.